पाच चकत्या

आमच्या लॅबच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली काळ्या कडप्प्याचा ओटा होता. रोज सकाळी साडेनऊपर्यंत त्या ओट्यावर मी लगद्याच्या पाच चकत्या ओळीने मांडत असे. ब्लीचिंगच्या प्रत्येक टप्प्यावरून लगद्याचा नमुना आणायचा, पाण्यात ढवळून फनेलवर गाळायचा, टीपकागदात दाबायचा आणि पंख्याखाली वाळवायचा, की बशीएवढी चकती तयार. पहिली चकती गुळाच्या ढेपेसारखी तपकिरी. दुसरी पोळीच्या रंगाची. तिसरी सायीसारखी पिवळसर. चौथी पांढरी. पाचवी इतकी पांढरी, की तिच्याशेजारी चौथी मळकी वाटावी. डोळ्यांवर विसंबायचं नाही म्हणून ब्राइटनेस मोजायचं यंत्र होतं. निळ्या प्रकाशात, ४५७ नॅनोमीटरला, चकती किती टक्के उजेड परत फेकते ते यंत्र सांगायचं. आमचे रोजचे आकडे साधारण असे असायचे : २८, ४७, ७७, ८६, ८९.

१९९४ ते २०२१ अशी सत्तावीस वर्षं मी कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं एका वायूच्या सोबतीत गेली. त्याचं नाव क्लोरीन डायऑक्साइड. कारखान्यात पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे ‘सीएलओटू’ म्हणतात. लाकडाच्या लगद्यापासून केलेला चांगला पांढरा कागद आज बहुतेक याच वायूच्या हाताखालून गेलेला असतो. कागद वापरणाऱ्यांनी मात्र हे नाव क्वचितच ऐकलेलं असतं. त्याची ओळख करून द्यावी, आणि त्याच्यापासून मी जे शिकले ते सांगावं, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं बालपण विदर्भात, कागद कारखान्याच्या गावात गेलं. बांबूचे ट्रक रस्त्यावरून जायचे तेव्हा मागे लोंबणारी टोकं रस्त्याला घासून खरखर आवाज व्हायचा. वडील लाकूड-यार्डात कामाला होते. ते म्हणायचे, ‘‘कागद बांबूत असतोच. आपण फक्त बाकीचं काढून टाकतो.’’ पुढे केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेले आणि तिथल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. पहिल्या आठवड्यातच कळलं, की वडील म्हणत होते ते अगदी शब्दशः खरं आहे.

लाकडात साधारण निम्मा भाग सेल्युलोज असतो. कागद होतो तो त्याच्या धाग्यांचा. त्या धाग्यांना एकमेकांशी चिकटवून झाडाला ताठ उभं ठेवणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. निलगिरी, सुबाभूळ अशा झाडांत ते पाव हिश्श्याच्या आसपास असतं. लाकडाच्या चिप्स डायजेस्टरमध्ये कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडबरोबर १६५ ते १७० अंशांवर शिजवल्या, की बहुतेक लिग्निन विरघळून काळ्या पाण्यात निघून जातं. हे काळं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते आणि रसायनंही परत मिळतात. पण थोडं लिग्निन, आमच्याकडे अडीच-तीन टक्के, धाग्यात अडकून राहतंच. लगद्याचा तपकिरी रंग असतो तो या उरलेल्या लिग्निनचा. तेही शिजवूनच काढू म्हटलं तर सेल्युलोजही तुटायला लागतं आणि कागद कमजोर होतो. म्हणजे शिजवणं एका जागी थांबवावंच लागतं. तिथून पुढचं काम ब्लीचिंगचं.

किती लिग्निन उरलंय ते आम्ही कप्पा नंबरने मोजायचो. लगद्यावर जांभळ्या परमँगनेटचं ठरलेलं द्रावण ओतायचं, २५ अंशांवर बरोबर दहा मिनिटं ठेवायचं, आणि लगद्याने त्यातलं किती खाल्लं ते काढायचं. शिजवून धुतलेल्या लगद्याचा कप्पा आमच्याकडे १८ च्या आसपास, ऑक्सिजनचा टप्पा झाल्यावर १०-११. ब्लीचिंगमध्ये कोणतं रसायन किती घालायचं ते या आकड्यावरून ठरायचं. हा आकडा पुढे एकदा फार महत्त्वाचा ठरला, ते सांगतेच.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे जुनी पद्धत होती. आधी क्लोरीन वायू, मग कॉस्टिक, मग दोनदा हायपो. क्लोरीन ९०० किलोच्या लोखंडी टोनरमधून यायचा. हायपो म्हणजे सोडियम किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट, घरात फरशी पुसायला जे ब्लीच आणतात त्याचाच भाऊ. लगदा पांढरा व्हायचा, पण हायपोला लिग्निन आणि सेल्युलोज यातला फरक नीट कळत नाही. रंगाबरोबर तो धागाही कुरतडतो. धागा किती शाबूत आहे ते कळावं म्हणून आम्ही लगद्याची व्हिस्कॉसिटी मोजायचो, आणि हायपोनंतर ती दरवेळी घसरलेली दिसायची. कागद फाटण्याची तक्रार आली, की पहिला संशय हायपोवर जायचा.

क्लोरीनची गोष्ट याहून गंभीर होती. क्लोरीनचा रेणू लिग्निनच्या षटकोनी कड्यावर हल्ला करतो तेव्हा बरेचदा स्वतःचा एक अणू त्या कड्यालाच जोडून ठेवतो. अशी क्लोरीन चिकटलेली संयुगं सांडपाण्यातून बाहेर जातात. त्यांतली बरीच सहजासहजी कुजत नाहीत आणि जीवांच्या चरबीत साठत राहतात. १९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत ब्लीचिंग करणाऱ्या कागद कारखान्यांच्या खालच्या अंगाला, नदीतल्या माशांमध्ये डायॉक्सिन सापडलं. डायॉक्सिन म्हणजे माणसाला माहीत असलेल्या अत्यंत विषारी पदार्थांपैकी एक. त्यानंतर जगभरचे कारखाने क्लोरीन सोडू लागले. आपल्याकडे २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांबरोबर एक सनद केली. मोठ्या कागद कारखान्यांनी सांडपाण्यातली क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं टनामागे आधी दीड किलोच्या आणि पाच वर्षांत एक किलोच्या आत आणावीत, असं तीत ठरलं. या संयुगांच्या मोजमापाला एओएक्स म्हणतात. आमच्या कारखान्यात सीएलओटूचा प्लँट उभा राहिला तो या सनदेनंतर.

प्लँट येणार म्हटल्यावर आमच्या मुख्य केमिस्टनी लॅबमधल्या सगळ्यांना बसवून शिकवलं. फळ्यावर त्यांनी क्लोरीनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन अणू काढले आणि म्हणाले, ‘‘याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा.’’ आम्ही मोजले. एकोणीस. विषम. जोड्या लावत गेलं की एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो. असे रेणू सहसा क्षणभरही टिकत नाहीत, पण हा टिकतो. आणि लिग्निनसमोर आला की त्याच्या कड्यावरच्या फेनॉलच्या टोकाकडून एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. तो स्वतः क्लोराइट होतो, लिग्निनचं कडं अस्थिर होतं, दुसरा रेणू येऊन त्याला उघडतो. बंद षटकोन उघडून त्याची आम्लं होतात, आणि ही आम्लं पुढच्या टप्प्यात कॉस्टिकमध्ये विरघळून धुऊन जातात. क्लोरीन चिकटतो, सीएलओटू ओरबाडतो, हा मुख्य फरक. सेल्युलोजमध्ये फेनॉलसारखं सहज इलेक्ट्रॉन देणारं टोक नाही, म्हणून त्याच्या वाटेला हा फारसा जातच नाही. पहिल्यांदा सीएलओटूने ब्लीच केलेल्या लगद्याची व्हिस्कॉसिटी मी मोजली, तेव्हा आकडा जवळजवळ होता तिथेच उभा होता. मी चाचणी पुन्हा केली. मग मुख्य केमिस्टना बोलावून दाखवलं. लगदा पांढराही झाला होता आणि धागाही शाबूत होता. बारा वर्षं मी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात पाहत आले होते.

त्यांनी आणखी एक हिशेब करून दाखवला, तो मी पुढे नव्या मुलांना नेहमी शिकवला. क्लोरीनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतो, सीएलओटूचा पाच. त्याचा रेणूभार ६७.५, भागिले पाच म्हणजे १३.५. क्लोरीनचा ७१, भागिले दोन म्हणजे ३५.५. दोन्हींचं गुणोत्तर २.६३. म्हणजे एक किलो सीएलओटू २.६३ किलो क्लोरीनचं काम करतो. क्लोरीन घालायचाच कमी, आणि जो घातला तोही चिकटणारा नाही, म्हणून सांडपाणी सुधारतं.

सांडपाण्यातला एओएक्स अगदी शून्यावर येतो असं मात्र नाही. सीएलओटूची प्रक्रिया चालू असताना वाटेत थोडं हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि ते क्लोरीनसारखंच वागतं. त्यामुळे थोडा उरतोच. पण आमच्या महिन्याच्या अहवालात तो आकडा जुन्या आकड्याच्या लहानशा हिश्श्यावर उतरलेला मी स्वतः पाहिला आहे. डायॉक्सिनचा प्रश्न तर या बदलाने जवळपास मिटतो, कारण क्लोरीन वायूच लिग्निनला भेटत नाही.

वायू इतका गुणी, मग आधी का नाही वापरला? हम्फ्री डेव्ही यांनी १८११ मध्येच तो शोधला होता. कागदासाठी मोठ्या प्रमाणावर तो १९४६ च्या सुमारास कॅनडा आणि स्वीडनमध्ये वापरात आला. एवढा उशीर झाला तो त्याच्या स्वभावामुळे. सीएलओटू ११ अंशांना उकळतो, पण दाबून सिलिंडरमध्ये भरता येत नाही. हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की तो आपणहून फुटून क्लोरीन आणि ऑक्सिजन होऊ शकतो. उजेड, उष्णता, तेलाचा थेंब, गंजाचा कण, काहीही निमित्त पुरतं. म्हणून तो विकत आणता येत नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढा, जागेवरच करावा लागतो. तो सुरक्षितपणे कसा करायचा यावर हॉवर्ड रॅप्सन या कॅनडाच्या रसायन-अभियंत्याने आयुष्यभर काम केलं. आमच्या जनरेटरच्या पद्धतीचं नाव आर-एट. त्यातला ‘आर’ रॅप्सन यांचा.

जनरेटर म्हणजे टायटॅनियमचं उंच भांडं. साधं स्टेनलेस स्टील या वायूपुढे टिकत नाही. भांड्यात सोडियम क्लोरेटचं द्रावण, सल्फ्युरिक आम्ल आणि थोडं मिथेनॉल सोडतात. आतला दाब हवेपेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे सगळं ७० अंशांच्या आसपासच उकळत राहतं, आणि सुटणारा सीएलओटू वाफेत पातळ होऊनच बाहेर पडतो. तिथून तो शोषण-टॉवरमध्ये जातो. वरून सहा-सात अंशांचं थंड पाणी पडत असतं, त्यात तो विरघळतो. लिटरला दहा ग्रॅम. हे पिवळंधमक पाणी फायबरच्या बंद टाक्यांत साठवतात आणि तिथून ब्लीचिंगच्या टॉवरकडे पाठवतात. काचेच्या छोट्या खिडकीतून पाहिलं तर घट्ट हळदीचं पाणी वाहतंय असं वाटायचं.

जनरेटरवर एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. शाळा दहावीपर्यंत, पण त्या भांड्याची नाडी त्यांच्याइतकी कोणाला कळत नसे. व्हॅक्युमचा काटा जरा हलला की ते खुर्चीतून उठायचे. आत वायूचं प्रमाण वाढून तो अचानक फुटला तर त्याला ‘पफ’ म्हणतात. धप्प आवाज होतो, दाब चढतो, भांड्याची झडप उचलली जाते. तसं झालं की सगळं आपोआप बंद पडून आत पाणी सुटतं, अशी व्यवस्था असते. अण्णा म्हणायचे, ‘‘ताई, पफ होतो तेव्हा भांडं बोलतं. ते आधी कुजबुजत असतं, आपण ऐकत नाही.’’

क्लोरेटबद्दलही पहिला धडा अण्णांनीच दिला. क्लोरेटचं द्रावण पाण्यासारखं दिसतं. अंगावर उडालं तर भाजत नाही, वास नाही. पण ते कपड्यावर सुकलं, की तो कपडा काडेपेटीच्या गुलासारखा होतो. घासला तरी पेट घेतो. म्हणून तिथे चामड्याचे बूट चालत नाहीत, रबरीच लागतात. लाकडी फळी, गोणपाट, कापसाचा बोळा आत न्यायचा नाही. सांडलं तर पुसायचं नाही, भरपूर पाण्याने धुऊन काढायचं. एकदा नमुना घेताना माझ्या ओढणीच्या टोकावर चार थेंब उडाले. मला कळलंही नव्हतं. अण्णांनी पाहिलं, पाण्याचा पाइप आणला आणि ओढणी माझ्या हातून घेऊन बादलीत बुडवली. ‘‘ओलं आहे तोवर पाणी. वाळलं की आग,’’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी त्या इमारतीत ओढणी घेऊन गेले नाही. ओव्हरऑल घालायला लागले.

माझं रोजचं मुख्य काम म्हणजे त्या पिवळ्या पाण्याची ताकद मोजणं. ते मला शेवटपर्यंत आवडलं. नमुना तपकिरी बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, बर्फात ठेवून आणायचा. बाटलीत रिकामी जागा राहिली तर वायू पाण्यातून निघून तिथे जाऊन बसतो आणि आकडा कमी येतो. पाच मिलिलिटर पिपेटने घ्यायचं, रबरी फुग्याने, तोंडाने कधीही नाही. पिपेटचं टोक पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात बुडवून मगच सोडायचं. सोडल्याबरोबर फ्लास्क आयोडीनने लालसर तपकिरी होतो. द्रावण उदासीन ठेवलं असेल तर सीएलओटू इथे एकच इलेक्ट्रॉन घेतो आणि क्लोराइटवर थांबतो. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. तपकिरी, पिवळा, फिका पिवळा. इथे स्टार्चचे दोन थेंब टाकले की सगळं गडद निळं. आणखी काही थेंब, आणि एका थेंबासरशी निळं नाहीसं. हा पहिला आकडा. आता त्याच फ्लास्कमध्ये आम्ल घालायचं. संपलं असं वाटलेलं द्रावण पुन्हा रंगतं, कारण क्लोराइट आता उरलेले चार इलेक्ट्रॉन घेऊ लागतो. पुन्हा थायोसल्फेट, पुन्हा निळं, पुन्हा स्वच्छ.

द्रावण दहा ग्रॅमचं असेल तर दोन्ही मिळून साधारण ३७ मिलिलिटर लागतं. त्यातलं साडेसातच्या आत-बाहेर पहिल्या वेळी आणि बाकीचं दुसऱ्या वेळी. एकास चार. पहिला आकडा यापेक्षा मोठा आला, तर समजायचं की जनरेटरमधून सीएलओटूबरोबर क्लोरीनही येतो आहे, आणि अण्णांना फोन करायचा. एका फ्लास्कमध्ये एका रेणूचे पाच इलेक्ट्रॉन असे मोजून घेता येतात, याचं मला पहिल्या दिवशी जेवढं नवल वाटलं तेवढंच शेवटच्या दिवशीही वाटलं.

आता कप्प्याचा आकडा महत्त्वाचा ठरला तो दिवस. त्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

डी-नॉट हा सीएलओटूचा पहिला टप्पा. त्यात लगद्याला किती द्रावण द्यायचं ते कप्प्यावरून ठरतं. रात्रीपासून लाकूड बदललं होतं. निलगिरी कमी आणि सुबाभूळ जास्त येत होतं, आणि डायजेस्टरवर शिजणंही जरा जास्त झालं होतं. सकाळच्या नमुन्याचा कप्पा मी काढला तो ८ आला. आदल्या दिवशीचा ११ होता, आणि कंट्रोल रूममध्ये मात्रा अकराच्याच हिशेबाने चालू होती. म्हणजे लगद्याला गरज नसलेला सीएलओटू टॉवरमधून तसाच पुढे, लगदा धुणाऱ्या वॉशरवर येत होता. एरवी वॉशरवर हुड असतं आणि पंखा तो वायू ओढून स्क्रबरकडे नेतो. त्या सकाळी बेअरिंगच्या कामासाठी पंखा बंद होता. हुडाचं दार उघडून एक कंत्राटी मुलगा शॉवरच्या बुजलेल्या तोट्या साफ करत होता. बावीस वर्षांचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

कप्प्याचा आकडा माझ्या हातात होता. मी तो रजिस्टरात लिहिला. फोन केला नाही. चकत्या वाळल्या होत्या, त्यांचे आकडे घ्यायला लागले.

मुलाचे डोळे चुरचुरले, खोकला आला. बाहेर येऊन त्याने तोंड धुतलं, चहा घेतला आणि दोनला पाळी संपल्यावर घरी गेला. कोणाला काही बोलला नाही. रात्री अकराच्या सुमारास त्याला श्वास घेता येईना. दवाखान्यात नेलं तेव्हा फुप्फुसांत पाणी झालं होतं. हा या वायूचा सगळ्यात फसवा गुण आहे. श्वासातून आत गेल्यावर लगेच थोडंच जाणवतं. खरा त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी पोचलेला असतो. हवेत आठ तासांच्या कामासाठी याची मर्यादा दहा लाखांत ०.१ भाग आहे. पाच भाग म्हणजे जिवाला तात्काळ धोका. एवढ्या लहान आकड्यांच्या मध्ये माणूस उभा असतो.

तो वाचला. आठवडाभर ऑक्सिजनवर होता. मी भेटायला गेले तेव्हा त्याची आई बाहेर बाकावर बसली होती. तिने मला विचारलं, ‘‘बाई, तुम्ही पण तिथेच असता का?’’ मी हो म्हटलं. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. महिनाभराने तो कामावर आला आणि त्याला फिनिशिंगला दिलं.

चौकशी झाली. पंखा बंद असताना हुड उघडलं ही चूक होतीच. मात्रा वेळेत कमी केली नाही ही चूक होती. माझं नाव कोणी घेतलं नाही, कारण रजिस्टरात आकडा होता आणि वेळही बरोबर होती. पण मला माहीत होतं, की रजिस्टरातला आकडा कोणालाही वाचवत नाही. तो ज्याला हवा त्याच्या कानावर पडावा लागतो. त्या दिवसानंतर मी पद्धत बदलली. कप्पा आधी, चकत्या नंतर. आकडा दोनने जरी हलला तरी आधी फोन, मग नोंद. वॉशरवर उरलेला सीएलओटू दर तासाला तपासायचा, आणि जास्त दिसला तर तो मारायला बायसल्फाइट वाढवायला सांगायचं. ज्याला वायू लागला असं वाटेल त्याला त्रास असो-नसो, रात्रभर दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायचं. पुढे हे सगळं लेखी नियम झालं. नव्या केमिस्टना मी आधी हे सांगायचे, इलेक्ट्रॉनांचा हिशेब त्यानंतर.

आता पुन्हा पाच चकत्यांकडे येते, कारण मला मुख्य म्हणायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

दुसऱ्या चकतीपासून तिसरीपर्यंत, म्हणजे ४७ पासून ७७ पर्यंत, आमच्याकडे टनाला साधारण नऊ किलो सीएलओटू लागायचा, मधल्या कॉस्टिक, ऑक्सिजन आणि पेरॉक्साइडच्या मदतीने. तीस गुण, नऊ किलो. तिसरीपासून चौथीपर्यंत नऊ गुण, त्याला सहा किलो. चौथीपासून पाचवीपर्यंत तीन गुण, त्याला तीन किलो. म्हणजे सुरुवातीला किलोमागे तीनहून जास्त गुण मिळायचे आणि शेवटी एक. शेवटच्या दोन टप्प्यांत टॉवरमध्ये लगदा ७०-७५ अंशांवर तीन-तीन तास ठेवावा लागायचा. शेवटी आम्लताही ठरावीक लागते, पीएच साडेतीन ते चारच्या दरम्यान. ती चुकली तर सीएलओटूचा काही भाग क्लोराइट किंवा क्लोरेट होऊन काम न करताच वाया जातो. त्यासाठी वाफ, पाणी, आम्ल, पुन्हा धुणं. हे सगळं त्या शेवटच्या थोड्या गुणांसाठी. त्याच्यावर कागद करताना पुन्हा ऑप्टिकल व्हाइटनर घालतात, कपड्याला नीळ देतात तसं, म्हणजे डोळ्याला कागद आणखी पांढरा दिसावा.

शेवटचे गुण टिकतातही कमी. निलगिरीसारखं लाकूड शिजवताना लगद्यात हेक्झेन्युरॉनिक आम्ल नावाचा घटक तयार होतो. तो पूर्ण निघाला नाही तर कागद गोदामात पडल्या पडल्या पिवळा पडू लागतो. आम्ही चकत्या ओव्हनमध्ये तापवून हे तपासायचो. ८९ ची चकती बाहेर काढली की दोन-तीन गुण गमावून बसलेली असायची, कधी चौथीच्या बरोबरीला आलेली.

हे शेवटचे गुण कारखान्याने मागितलेले नसतात. व्यापारी मागतो, कारण दुकानदार मागतो, कारण आपण मागतो. वह्यांच्या दुकानात मी उभी राहून पाहिलं आहे. आईबाप दोन वह्या शेजारी ठेवतात आणि जास्त पांढरी उचलतात. ज्या गिऱ्हाइकाला चौथी आणि पाचवी चकती शेजारी ठेवल्याशिवाय ओळखता येणार नाही, तेही तेच करतं. पुस्तकं छापणाऱ्यांना हे माहीत आहे. कितीतरी मराठी पुस्तकं नॅचरल शेडच्या मॅपलिथोवर, फिकट पिवळसर कागदावर छापतात, आणि वाचणाऱ्याची त्याबद्दल काही तक्रार नसते. वह्यांच्या बाबतीत मात्र आपण पांढऱ्याचा हट्ट सोडलेला नाही.

सीएलओटूविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. त्याने नद्यांवरचं मोठं संकट कमी केलं, कागदाचा धागा वाचवला, आणि मला सत्तावीस वर्षांतलं सगळ्यात सुंदर रसायनशास्त्र शिकवलं. तो नीट सांभाळला तर चांगला आहे. पण त्याचा प्रत्येक किलो कोणीतरी त्या टायटॅनियमच्या भांड्याजवळ उभं राहून, काट्यावर डोळे ठेवून तयार केलेला असतो, आणि कोणीतरी वॉशरच्या हुडाशी उभं राहून वापरलेला असतो. लागेल तेवढाच वापरणं म्हणजे त्यांचा मान राखणं आहे.

जूनमध्ये मुलांच्या वह्या घ्यायला जाल तेव्हा सर्वांत पांढरी वही मागू नका. सायीच्या रंगाची मागा. शाई तिच्यावर तेवढीच उठून दिसते.